खालून आलेला ठोका

रात्री अकरानंतर मी किक बांधायला घेते.
तीन आवाज, एकावर एक:
वर गॅसच्या लायटरची टिचकी, केसाएवढी,
मध्ये वाळूच्या पोत्यावरचा गुद्दा
(पोतं बावूटीतल्या बॉक्सिंगच्या आखाड्यातलं, गुद्दा माझा),
आणि तळाशी पन्नास हर्ट्झची एक नुसती लाट,
जी माझ्या या छोट्या स्पीकरमध्ये ऐकू येतच नाही,
टेबलावरच्या चहाला तेवढी कळते.

या गावाचं नाव वूच. म्हणजे होडी.
नदी मात्र कुठेच दिसत नाही.
गिरण्यांचं पाणी पिऊन ती काळी झाली तेव्हा
तिला विटांच्या नळात घातली,
वरून रस्ते केले, ट्राम केली.
शेवटची ट्राम गेली की गटाराच्या झाकणाशी वाकावं,
ती अजून चाललेली असते.
तळाचा आवाज मी तिच्यावरून शिकले:
दिसू नये,
पण काढून घेतला तर वरचं सगळं डबडं वाजावं.

आज काही जमत नाही.
एकेकटा ऐकला की प्रत्येक आवाज पैलवान,
तिघं एकत्र सोडले की कागदी पिशवी फुटल्यासारखं.
मी चौथा घालते. पाचवा.
क्लॅपखाली दाराची कडी, कडीखाली अक्रोड फोडल्याचा कडाका,
कॉम्प्रेसर आवळते, सगळ्यांना धाप लागेपर्यंत.
अति तेथे माती म्हणतात,
आणि इथे तर माती पडद्यावर दिसते,
अडीचशे हर्ट्झच्या आसपास, ढिगाऱ्यासारखी.

तेवढ्यात खालून ठोका.
गेनोवेफाबाई. झाडूचा दांडा, त्यांचं छत, माझी जमीन.
मी आवाज शून्यावर आणते, हेडफोन चढवते.
ठक्.
आता तर काहीच वाजत नाहीये, बाई.
ठक् ठक्.

मोज्यांवरच खाली उतरते, माफीची वाक्यं जुळवत.
दार उघडंच. एकोणऐंशी वर्षांच्या बाई,
झोपायच्या झग्यावर लोकरी जाकीट,
तळहात भिंतीला टेकलेला.
"बंद का केलंस?"
ओरडूनच विचारतात. एकतीस वर्षं मागावर,
दोन्ही कान तिथेच ठेवून आल्या.
"पोकळ आहे ठोका तुझा.
एक येतो इथे," मनगट दाखवतात,
"दुसरा येतो आणि त्याला खातो."

खात्यात चारशे माग. बोलणं सगळं ओठांवरून,
आणि कुठला धोटा चुकतोय
ते चौकटीला हात लावून सांगायचं.
"दोन माग उलट्या पावलावर आले ना,
की जमीन गप्प व्हायची.
आम्ही घाबरायचो तर फक्त तेव्हा."

वर येऊन मी लाट ताणून, मोठी करून बघते.
खरंच. गुद्दा वर चढतो
नेमकी तेव्हाच तळाची लाट खाली उतरते.
दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून बुडताहेत,
आणि मी आठवडाभर वरून माणसं ढकलतेय.
एक बटण. लाट उलटी.
मग पाचवा काढला, चौथा काढला.
अक्रोडाचं वाईट वाटलं,
दोन किलो फोडले होते त्याच्यासाठी.
गुद्द्याखालचं सगळं कापलं, लाटेच्या वरचंही;
एका म्यानात एकच तलवार.

चहा थरथरला.

मायक्रोफोन जमिनीवर पालथा घातला आणि थांबले.
बराच वेळ काही नाही.
मग ठक्,
ठोक्यावर नाही, किंचित मागे,
सुटत्या ट्रामच्या पायरीवर पाय पडावा तसा.
तो मी ओढून रेघेवर आणला नाही.
स्नेअरखाली ठेवलाय, अगदी हळू.
कुणाला ऐकू येणार नाही.

शुक्रवारी जुन्या रंगशाळेतल्या क्लबात वाजेल.
बाईंना म्हटलं, चला.
त्यांनी विचारलं, बसायला खुर्ची असेल का,
आणि खुर्चीच्या मागे भिंत?